इरावतीबाईंनी मोजलेल्या १४९ कवट्या

बाळाचे डोके छान गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पाटोद्यासारख्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांपासून पुण्या-मुंबईच्या घरांपर्यंत, न्हाऊ घालणारी बाई तेल चोळता चोळता बाळाच्या कपाळाला आणि डोक्याच्या मागच्या भागाला वळण देते. एवढे करूनही डोके एका बाजूला चपटे राहिले, की बोल आईला लागतो. पुढे तेच मूल मोठे होऊन सारखे डोके दुखते म्हणू लागले, तर डोक्याची ठेवणच तशी, लहानपणी नीट वळवले नाही, असे निदान घरातल्या घरात होऊन जाते.

कवटीच्या आकारात माणसाविषयी काहीतरी लिहिलेले असते, ही समजूत आपल्यापुरती नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांतही ती होती आणि तिथे तिला शास्त्राचा मान होता. ती तपासून पाहण्याचे काम बर्लिनमध्ये एका मराठी तरुणीच्या वाट्याला आले. तिने कवट्या मोजल्या आणि जे निघाले ते जसेच्या तसे लिहून दिले. ती तरुणी म्हणजे इरावती कर्वे. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतात. त्यांच्या आयुष्यातला कवट्यांचा भाग मात्र कमी जणांना ठाऊक आहे. डोकेदुखी आणि डोक्याचा आकार यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न पडणाऱ्या कोणालाही त्यातून आजही शिकण्यासारखे आहे.

नदीचे नाव घेऊन आलेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंज्यान इथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत अभियंता होते. ज्या नदीच्या काठी हे गाव आहे, त्या इरावती नदीचे नाव मुलीला मिळाले. भावांमध्ये ही एकटी बहीण. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले आणि ती हुजूरपागेच्या वसतिगृहात राहू लागली.

शाळेत तिची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. केंब्रिजमध्ये गणितात पहिले आलेले आणि कोणतीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय न मानणारे, असा त्यांचा लौकिक होता. इरावती त्यांच्या घरी दुसरी मुलगी म्हणूनच वाढली. पुस्तकांनी भरलेले घर, जेवताना होणारे वाद आणि पुरावा मागण्याची सवय, हे सगळे तिला तिथे मिळाले.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मग दक्षिणा शिष्यवृत्ती मिळवून त्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध लिहून त्या एम. ए. झाल्या. दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव.

पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरले, तेव्हा विरोध झाला तो खुद्द अण्णांकडून, म्हणजे महर्षी कर्व्यांकडून. मुलींच्या शिक्षणासाठी हयात घालवलेल्या सासऱ्यांनाही सुनेने एकटीने परदेशी जाऊन डॉक्टरेट करणे पसंत नव्हते. दिनकरराव मात्र पत्नीच्या बाजूने ठाम उभे राहिले. पैशांसाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये, तेविसावे वर्ष पुरे व्हायच्या आतच, इरावतीबाई जर्मनीला निघाल्या.

कवटी मोजण्याचे वेड

बर्लिनमध्ये त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. अठरावे शतक संपता संपता फ्रान्स योझेफ गाल या वैद्याने असे मत मांडले, की माणसाचा प्रत्येक गुण मेंदूच्या ठरावीक भागात राहतो आणि तो भाग मोठा असला तर वरच्या कवटीला उंचवटा येतो. डोके चाचपून स्वभाव सांगणाऱ्यांचा धंदा त्यातून युरोप-अमेरिकेत फोफावला. पुढे अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन यांनी निरनिराळ्या देशांच्या लोकांच्या कवट्या जमवल्या. कवटीत किती जागा आहे हे मोजण्यासाठी ते आधी तिच्यात मोहरी भरत. मोहरीचे माप दर वेळी वेगळे येते असे दिसल्यावर त्यांनी शिशाचे छर्रे वापरायला सुरुवात केली. बाळाच्या उशीतली मोहरी आपण डोक्याला आकार देण्यासाठी वापरतो. मॉर्टन यांनी तीच माणसांची प्रतवारी लावण्यासाठी वापरली.

स्वीडनमधल्या अँडर्स रेट्झियस यांनी सोपे गणित दिले. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. उत्तर ७५ पेक्षा कमी आले तर डोके लांबट, ८० पेक्षा जास्त आले तर रुंद. आकडा हाती आला की शास्त्र झाले, असे अनेकांना वाटू लागले. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्याने माणसांची नाके आणि डोकी मोजून जातींची चढती-उतरती भाजणी या मापांशी जोडून दाखवली. १९०१ ची जनगणना त्याच्याच देखरेखीखाली झाली.

या सगळ्या मोजमापांत एक गोष्ट समान होती. उत्तर आधी ठरलेले असे, मापे नंतर घेतली जात.

बर्लिनची संस्था आणि फिशर यांचा सिद्धान्त

इरावतीबाई ज्या संस्थेत दाखल झाल्या तिचे नाव कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये ती सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांनी जर्मनीच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन तिथल्या मिश्र वंशाच्या लोकांवर पुस्तक लिहिले होते आणि वंशशास्त्रात त्यांचा शब्द वजनदार मानला जाई.

फिशर यांची धारणा अशी होती, की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना सारखी नसते. तर्कबुद्धीचे काम करणारा मेंदूचा पुढचा उजवा भाग त्यांच्यात मोठा असतो आणि त्याला जागा देण्यासाठी कवटी एका अंगाने जास्त वाढते. इतर वंशांच्या कवट्यांत असा असमतोल दिसणार नाही किंवा कमी दिसेल. म्हणजे कवटीतला हा वाकडेपणा त्यांच्या दृष्टीने बुद्धीचे आणि श्रेष्ठत्वाचे चिन्ह होता. हा सिद्धान्त तपासण्याचा विषय इरावतीबाईंना प्रबंधासाठी मिळाला.

त्यांच्यासमोर १४९ कवट्या होत्या. काही युरोपीयांच्या, काही इतर खंडांतल्या लोकांच्या. जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या कवट्याही त्यात होत्या. त्या ज्यांच्या होत्या त्या माणसांना किंवा त्यांच्या कुटुंबांना कोणी विचारलेले नव्हते. वसाहतीतल्या माणसाची कवटी गोऱ्या देशाच्या कपाटात आणि ती मोजायला दुसऱ्या वसाहतीतून आलेली विद्यार्थिनी, असा हा प्रकार होता.

कवटीचा असमतोल मोजणे हे किचकट काम असते. कवटीच्या मधोमध एक उभी पातळी कल्पायची, तिच्यापासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या ठरावीक खुणांची अंतरे घ्यायची, फरक मिलिमीटरमध्ये लिहायचा आणि हे प्रत्येक कवटीवर पुन्हा पुन्हा करायचे. हाडाची एखादी खूण बोटभर सरकली तरी आकडा बदलतो. अशा कामात मनाला हवे ते उत्तर काढणे सोपे असते, कारण कोणती खूण धरायची आणि कोणती सोडायची हे मोजणाऱ्याच्या हातात असते.

इरावतीबाईंनी मोजून निष्कर्ष काढला, की असमतोल सगळ्याच कवट्यांत आहे आणि त्याचा वंशाशी संबंध नाही. युरोपीय डोके जितके वाकडे, तितकेच आफ्रिकी डोकेही. म्हणजे वाकडेपणा श्रेष्ठत्वाची खूण ठरू शकत नाही.

आपला मार्गदर्शक, आपली परीक्षा घेणारा आणि त्या क्षेत्रातला सर्वांत बलवान माणूस, या तिघांनाही एकाच वेळी चूक ठरवणारा हा निष्कर्ष होता. परक्या देशातल्या, कर्ज काढून शिकायला आलेल्या विद्यार्थिनीला तो सौम्य करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. फिशर यांनी प्रबंध नाकारला नाही, पण उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. इरावतीबाई डॉक्टरेट घेऊन भारतात परतल्या. कवटीच्या स्वाभाविक असमतोलावरचा तो जर्मन प्रबंध १९३१ मध्ये छापून आला.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेतल्या वंशशास्त्राने नाझी कायद्यांना शास्त्राचा आधार पुरवला. लाखो माणसांचे जगणे-मरणे ज्या समजुतींवर ठरले, त्यांतली एक इरावतीबाईंनी आधीच मोजून खोटी ठरवली होती. कोणी ऐकले नाही, हा भाग वेगळा.

वाकडेपणा सगळ्यांचाच

आजच्या शरीरशास्त्राने इरावतीबाईंच्या निष्कर्षाला पाठबळच दिले आहे. माणसाचा मेंदू मुळातच किंचित पिळलेला असतो. बहुतेकांत उजव्या मेंदूचा पुढचा भाग आणि डाव्या मेंदूचा मागचा भाग थोडा पुढे आलेला असतो आणि कवटीच्या आतल्या बाजूला त्याचा ठसा उमटतो. जन्माच्या वेळचा दाब, बाळ कोणत्या कुशीवर झोपते, मानेचे स्नायू, दात आणि जबडा यांचाही आकारावर परिणाम होतो. आरशात पाहून दोन्ही भुवया आणि दोन्ही कान नीट न्याहाळले, तर हा फरक बहुतेकांना स्वतःच्या चेहऱ्यातही सापडेल.

डोक्याचा आकार पिढ्यान् पिढ्या ठाम राहतो, या समजुतीला तडा देणारे काम इरावतीबाईंच्या आधी फ्रान्स बोआस यांनी अमेरिकेत केले होते. स्थलांतरित कुटुंबांतल्या सुमारे १८,००० लोकांची मापे घेऊन त्यांनी दाखवले, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईवडिलांपेक्षा वेगळी येऊ लागते. ज्या मापावर वंश ठरवले जात होते, तेच माप परिस्थितीनुसार बदलते असे यातून दिसले.

पुण्यात परत

भारतात आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी मुंबईला महिला विद्यापीठाच्या कचेरीचा कारभार पाहिला. कचेरीच्या कामात त्यांचे मन रमले नाही. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे विभाग त्यांनी उभे केले. १९४७ मध्ये दिल्लीत भरलेल्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या.

त्यांचे खरे विद्यापीठ मात्र गावोगावची वाट होती. मापाची उपकरणे आणि रक्ताचे नमुने घेण्याचे साहित्य बरोबर घेऊन त्या एसटीने, बैलगाडीने, पायी हिंडल्या. हसमुख सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज इथे सापडलेले प्राचीन सांगाडे त्यांनी अभ्यासले. विठोबाच्या वारीत चालल्या आणि त्यावर लिहिले. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. नात्यागोत्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि तो आजही अभ्यासला जातो. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून शहर त्यांना ओळखत होते. नवऱ्याला एकेरी नावाने हाक मारणाऱ्या, कुंकू-मंगळसूत्र न वापरणाऱ्या या बाई घरात जय, आनंद आणि गौरी या तीन मुलांच्या आई होत्या.

बर्लिनहून आल्यावर इरावतीबाईंनी डोकी मोजणे सोडले असे मात्र झाले नाही. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातींच्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लांघणजच्या सांगाड्यांबाबत त्यांनीही कवटीच्या ठेवणीवरून दूरच्या वंशांशी नाते सुचवले होते. वंश नावाचा साचा त्यांच्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्याच शास्त्रज्ञांच्या विचारात होता, तसा तो त्यांच्याही होता. नंतरच्या अभ्यासकांनी त्याबद्दल त्यांच्यावर टीका केली आहे आणि ती रास्त आहे. आज आनुवंशशास्त्राने ते साचे मागे टाकले आहेत.

मात्र मापांतून काय निघाले, हे सांगताना त्या पुन्हा आकड्यांशी प्रामाणिक राहिल्या. एकाच जातीच्या नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत, असे त्यांच्या मापांत दिसले. त्यामुळे एक जात फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्यांचे मत त्यांना पटेना. निरनिराळे समूह एकाच नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले असावेत, असे त्यांनी मांडले. बर्लिनच्या गुरूप्रमाणे मुंबईच्या गुरूशीही त्यांचा मतभेद मोजमापातूनच झाला.

१९६७ मध्ये ‘युगान्त’ आले. महाभारतातल्या माणसांना देव न करता माणूस म्हणून तपासणाऱ्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. त्या वेळी त्यांचे वय ६४ होते.

आता डोकेदुखीकडे

आज कोणताही गंभीर शास्त्रज्ञ कवटीवरून बुद्धी ठरवत नाही. मात्र कवटीचा आकार आणि तीव्र डोकेदुखी यांचा संबंध आहे का, हा प्रश्न वैद्यकात खरोखर विचारला जातो, आणि तो विचारण्यासारखा आहे. अट एकच, जी इरावतीबाईंनी पाळली होती: तुलना करायची. डोके दुखणाऱ्या शंभर जणांच्या कवट्या वाकड्या निघाल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. ज्यांचे डोके कधीच दुखत नाही, अशा शंभर जणांच्या कवट्याही मोजायला हव्यात. त्याही तितक्याच वाकड्या निघाल्या, तर संबंध संपला.

मुळात डोके दुखते तेव्हा दुखते काय? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूवरच्या आवरणांना, तिथल्या रक्तवाहिन्यांना, डोक्या-मानेच्या स्नायूंना आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंना. कवटीचे हाड बाहेरून लांबट आहे की गोल, यावर या यंत्रणेचे वागणे सहसा ठरत नाही.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. जगात साधारण सात माणसांमागे एकाला ती होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण जवळपास तिप्पट असते. तिचा कल घराण्यातून येतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. पण तो वारसा कवटीच्या आकाराचा नसतो, मेंदूच्या संवेदनशीलतेचा असतो. एकाच घरात सगळ्यांची डोकी सारखी आणि अर्धशिशीही सगळ्यांना असे दिसले, की आकाराला दोष देणे सोपे जाते. दोन्ही गोष्टी एकाच घराण्यातून आल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही.

दुसरा आजार क्लस्टर डोकेदुखीचा. हजारात साधारण एकाला होणारा, पण भयंकर. एका डोळ्याभोवती असह्य कळ येते, तो डोळा लाल होतो, पाणी वाहते, नाक चोंदते. एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो आणि रुग्ण एका जागी बसू शकत नाही. गेल्या शतकात अमेरिकेतले डॉक्टर जॉन ग्रॅहम यांच्या लक्षात आले, की त्यांच्या अशा अनेक रुग्णांचे चेहरे रुंद, रापलेले, खोल सुरकुत्यांचे, सिंहासारखे आहेत. त्यानंतर काहींनी अशा रुग्णांच्या चेहऱ्याची आणि कवटीची मापेही घेतली. पण या रुग्णांत धूम्रपान करणारे बरेच असतात आणि त्यानेही चेहरा तसा होतो. चेहरा किंवा कवटी पाहून आज कोणी हे निदान करत नाही. १९९८ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले, की झटक्याच्या वेळी मेंदूच्या तळाशी असलेला, झोप-जागेचे घड्याळ सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा भाग कामाला लागलेला असतो. झटके रोज ठरावीक वेळी का येतात, याचा उलगडा त्यातून होतो. मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर अनेकांना काही मिनिटांत उतार पडतो.

आकार खरोखर महत्त्वाचा ठरतो तेव्हा

कवटीची ठेवण थेट डोकेदुखीला कारण ठरते, अशा अवस्थाही आहेत. त्या थोड्या आहेत, पण ओळखायला हव्यात.

पहिली कियारी विकृती. प्रागमध्ये काम करणारे हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये तिचे वर्णन केले. कवटीचा मागचा, मानेजवळचा कप्पा अनेकदा लहान असतो आणि लहान मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या वाटेत खाली उतरतो. खोकताना, शिंकताना, जोर करताना किंवा ओझे उचलताना डोक्याच्या मागे एकदम कळ येते. सोबत हातात मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणे असू शकते. हे बाहेरून डोके चाचपून कळत नाही; एमआरआय लागतो. इथेही तुलनेचा धडा लागू पडतो. एमआरआयमध्ये असा उतार दिसूनही काहीच त्रास नसलेली पुष्कळ माणसे असतात. म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रिया ठरत नाही. चित्र आणि तक्रार यांचा मेळ बसावा लागतो.

दुसरी अवस्था लहान मुलांची. बाळाच्या कवटीचे तुकडे जन्मतः सुटे असतात आणि मेंदू वाढत जातो तसे ते शिवणींपाशी पसरतात. साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाची एखादी शिवण वेळेआधीच जुळून जाते. मग डोके एका दिशेने वाढत नाही, वेडेवाकडे होते आणि काहींत आतला दाब वाढतो. ही उशीने किंवा मालिशीने सुधारणारी गोष्ट नाही. शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करावी लागते, म्हणून वेळ दवडून चालत नाही.

झोपण्याच्या सवयीने डोके चपटे होते, ते वेगळे. त्याने मेंदूला इजा होत नाही आणि मूल बसू-रांगू लागले की ते बरेचसे सुधारते. बाळाला उताणेच झोपवावे, मात्र डोक्याची बाजू बदलत राहावी. जागेपणी कोणी जवळ असताना थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. मोहरीची असो वा कापसाची, तान्ह्या बाळाला उशी देऊ नये. गुदमरण्याचा धोका असतो. तेल हळुवार लावायला हरकत नाही, पण टाळू किंवा कपाळ दाबून आकार देण्याचा प्रयत्न करू नये. टाळू फुगलेली दिसली, फार लवकर भरून आली, शिवणीवर हाडाचा कंगोरा हाताला लागला किंवा वाकडेपणा वाढतच चालला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

पाटोद्याच्या डोक्यावरचा भार

मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पण त्या डोंगरावर पाणी टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास इथली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. पहाटे अंधारात उठणे, अपुरी झोप, उपाशीपोटी काम, दिवसभर ऊन, कमी पाणी आणि डोक्यावर उसाची मोळी. अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी ज्या ज्या गोष्टींनी चाळवते, त्या सगळ्या या एका दिवसात येतात. अशा बाईचे डोके दुखले, तर तिच्या कपाळाच्या ठेवणीत कारण शोधण्याआधी तिची झोप, तिचे जेवण, तिचे पाणी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहायला हवे.

कपाळाला फडके आवळून, दुकानातली गोळी घेऊन दिवस ढकलणे हा सर्रास उपाय. महिन्यातून १० ते १५ दिवसांहून जास्त वेळा वेदनाशामक गोळी घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके रोज दुखू लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. डोके कधी दुखले, किती वेळ, त्या दिवशी काय खाल्ले, किती झोपलो, पाळी होती का, किती गोळ्या घेतल्या, याची महिनाभर नोंद ठेवावी. शाळेतल्या मुलाच्या वहीचे एक पान त्याला पुरते. ग्रामीण रुग्णालयात ते पान दाखवले, तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. गरज पडल्यास पुढची तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकते.

काही वेळा मात्र वाट पाहू नये. आयुष्यात कधी नव्हती अशी, क्षणात टोकाला पोचलेली डोकेदुखी. ताप आणि ताठलेली मान. हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, नजर जाणे, झटके येणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर अचानक सुरू झालेले दुखणे. यांपैकी काहीही असेल तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा खोकल्याने उठणारी डोकेदुखीही लवकर दाखवावी.

बर्लिनच्या कपाटातल्या १४९ कवट्यांनी इरावतीबाईंना जे सांगितले, ते घरोघरच्या आयांनाही लागू आहे. थोडेसे वाकडे डोके ही माणसाची सर्वसाधारण ठेवण आहे. ते कोणाच्या हलगर्जीपणाची खूण नाही आणि बहुतेक वेळा कोणत्या दुखण्याचे मूळही नाही. डोके दुखत असेल तर आकारावर चर्चा न करता नोंद ठेवावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी.